पिक्चर भाड्याने घ्यायचा, पण कुठून?



गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न अभ्यासक्रमाचा नाही, परीक्षेचाही नाही. "मॅडम, वर्गाला एखादा चांगला मराठी पिक्चर दाखवायचाय. कुठल्या ॲपवरून घ्यावा?" हा तो प्रश्न. केंद्राच्या शिक्षण परिषदेत विचारतात, पालक सभेत विचारतात, एका ताईंनी तर चालत्या एसटीत विचारला. प्रत्येक वेळी तुकड्या-तुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. आमच्या बोरीच्या शाळेत यंदा पोळ्याच्या आठवड्यानंतर आम्ही एक चित्रपट भाड्याने घेऊन दाखवला, त्याचा अनुभवही यात येईल.

आधी थोडं मागं जाऊ या. चित्रपट भाड्याने आणणं ही गोष्ट मोबाईलवाल्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडच्या सुमारास देशात रंगीत टीव्ही आला, त्याच्या मागोमाग व्हीसीआर आला, आणि पुढच्या काही वर्षांत परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या आमच्यासारख्या गावांतही "व्हिडिओ आणायचा" हा शब्दप्रयोग रुळला. व्हिडिओ म्हणजे काय, तर एक टीव्ही, एक व्हीसीआर आणि तीन कॅसेटी. एका रात्रीचं भाडं. गल्लीत वर्गणी व्हायची. कुणी पाच देई, कुणी दोन, कुणी म्हणे लाईट माझ्या घरातून घ्या. गणपतीत, बारशाला, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हमखास. भिंतीला पांढरी चादर लावायची गरज नव्हती, टीव्ही ओट्यावर ठेवला की झालं. चित्र मुंग्या आल्यासारखं दिसायला लागलं की व्हीसीआरवाला पोरगा झाकण उघडून कोऱ्या करकरीत नोटेनं हेड पुसायचा. तेव्हा आम्हाला तो इंजिनिअरच वाटायचा.

यात एक बारीक गोष्ट होती, ती मला मोठी झाल्यावर कळली. तीन कॅसेटींचा क्रम ठरलेला असे. पहिली देवादिकांची, म्हातारी माणसं आणि बायका जाग्या असेपर्यंत. दुसरी मराठी, 'धूमधडाका' नाहीतर 'अशी ही बनवाबनवी'. तिसरी मारामारीची, ती बारा वाजल्यानंतर, आणि तेव्हा पोरींना घरात बोलावून घेत. म्हणजे कुणी काय बघायचं हे त्या क्रमानंच ठरलेलं होतं. निवड करणारे चार-पाच बाप्पे असत, जे कॅसेटी आणायला जात. त्यांच्या निवडीवर आम्ही पोरी मनातून चिडायचो. १९९१ साली 'माहेरची साडी' आला आणि नंतर त्याची कॅसेट गावात आली, तेव्हा पहिल्यांदा आमच्या गल्लीतल्या बायकांनी स्वतः वर्गणी काढली. तो एकच पिक्चर त्या रात्री दोनदा लागला. तिसरी कॅसेट तशीच परत गेली.

पुढचं भराभर सांगते. व्हीसीआर गेला, सीडी आली. पानटपरीच्या शेजारी सीडीचं दुकान झालं, दहा रुपये रोज, ओरखडा निघाला की भांडण. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. विकतच एवढी स्वस्त झाल्यावर भाड्याने कोण नेणार? त्यानंतर मेमरी कार्डाचा काळ. मोबाईलच्या दुकानात कार्ड द्यायचं, तो भरून देणार, पिक्चर, गाणी, कीर्तन सगळं एकत्र. त्यातलं अधिकृत काहीच नव्हतं हे घेणाऱ्याला माहीत होतं आणि देणाऱ्यालाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि कार्ड भरणारेही बसले.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहास कशाला? तर यासाठी की आज आपल्यासमोर जे पर्याय आहेत त्यांत दोन अगदी वेगळे व्यवहार एकत्र कालवले गेलेत आणि त्यामुळे निवडताना गोंधळ होतो. एक आहे सदस्यत्व. महिन्याचे किंवा वर्षाचे पैसे भरा आणि आत जे आहे ते कितीही बघा. दुसरं आहे खरं भाडं. एक चित्रपट, एकदा पैसे, ठरावीक मुदत. गंमत बघा, आज सदस्यत्वाचं दुसरं नाव झालेलं नेटफ्लिक्स १९९८ मध्ये सुरू झालं ते अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवणारं दुकान म्हणून. लाल पाकिटातून डीव्हीडी पाठवायचं ते काम त्यांनी २९ सप्टेंबर २०२३ ला कायमचं थांबवलं. म्हणजे आमच्या गल्लीतला व्हीसीआरवाला आणि ते, धंदा एकच होता.

शाळेसाठी माझं मत स्पष्ट आहे. सदस्यत्व नको, भाडं बरं. कारणं सांगते.

सदस्यत्वाचं ॲप वर्गात उघडलं की पहिल्यांदा काय दिसतं? तुमच्या घरच्यांनी काल रात्री काय बघितलं ते. त्याच्या शेजारी रक्तानं माखलेलं एखादं पोस्टर. अडतीस पोरं टीव्हीकडे बघतायत आणि तुम्ही रिमोट शोधताय. मुलांची वेगळी प्रोफाइल करून ठेवली तर हे टळतं, पण मराठी बालचित्रपट त्या प्रोफाइलमध्ये दिसेलच याची खात्री नाही. एक चित्रपट संपला की दुसरं काहीतरी आपोआप सुरू होतं, तेही वर्गात नको असतं. संपल्यावर पोरांनी दोन मिनिटं गप्प बसावं असं मला वाटतं, आणि तिकडे दहा, नऊ, आठ सुरू झालेलं असतं. शिवाय सगळ्यात स्वस्त प्लॅन बघून घेणारे फसतात. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये भारतात फक्त मोबाईलचा प्लॅन काढला. तो स्वस्त आहे, पण तो फोन किंवा टॅबवरच चालतो, टीव्हीवर नाही. इतर ठिकाणीही "मोबाईल" असं लिहिलेला प्लॅन दिसला की आधी हे वाचून घ्या.

भाड्याचे मुख्य दरवाजे आपल्याकडे असे आहेत. यूट्यूबवर चित्रपट भाड्याने मिळतात, हे अजूनही बऱ्याच शिक्षकांना माहीत नसतं. त्यांना यूट्यूब म्हणजे सगळं फुकट असंच वाटतं. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने एप्रिल २०२२ मध्ये भारतात भाड्याचं दालन उघडलं. तिथं प्राइमचं सदस्यत्व नसलं तरी एखादा चित्रपट भाड्याने घेता येतो. बुकमायशोने २०२१ च्या फेब्रुवारीत 'स्ट्रीम' नावानं हाच व्यवहार सुरू केला. ॲपलची उपकरणं ज्यांच्याकडे आहेत त्यांना ॲपल टीव्हीवरही भाड्याची सोय आहे, पण आमच्या शाळेच्या आसपास असं उपकरण कुणाकडे नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

यातला चांगला कोणता, असं विचाराल तर प्रश्नच उलटा विचारा. आधी चित्रपट ठरवा, मग तो कुठे आहे ते शोधा. मराठी चित्रपटांचे हक्क इकडून तिकडे जात राहतात. आज एका ठिकाणी दिसलेला चित्रपट पुढच्या सहामाहीत तिथं असेलच असं नाही. म्हणूनच आम्ही कुठून घेतला हे मी लिहीत नाही. तुम्ही वाचाल तेव्हा तो दुसरीकडेच असायचा. भाड्याचंही तसंच. त्या दिवशी पडद्यावर दिसेल तो आकडा खरा.

मुदत मात्र नीट समजून घ्या. यूट्यूब आणि प्राइम व्हिडिओ, दोन्हीकडे साधारण नियम असा की भाडं भरल्यापासून ३० दिवसांत बघायला सुरुवात करायची, आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. अपवाद असतात, म्हणून पैसे भरण्याआधी खालची बारीक ओळ वाचा. हे ४८ तास म्हणजे आपल्या वेळापत्रकासाठी वरदान आहे असं मला वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर पहिली पाच मिनिटं लावून बघायची, चित्र येतंय, आवाज येतोय, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातंय. शनिवारी सकाळच्या शाळेत पूर्ण दाखवायचा. रविवारचा दिवस हातात राहतो.

ही पाच मिनिटांची चाचणी ट्रेलर लावून करू नका. आमच्याकडे काय झालं, लॅपटॉपला केबलनं प्रोजेक्टर जोडला, ट्रेलर झकास दिसला. मग भाड्याचा मूळ चित्रपट लावला तर आवाज येतोय आणि पडदा काळा. भाड्याच्या चित्रपटांना चोरी होऊ नये म्हणून कुलूप असतं. जुना प्रोजेक्टर किंवा साधी केबल त्या कुलपाला पटली नाही की चित्र अडवलं जातं. ट्रेलरला असं कुलूप नसतं, म्हणून तो चालतो. फोनची स्क्रीन टीव्हीवर उमटवतानाही असंच होतं. यावरचा सोपा उपाय म्हणजे ज्या टीव्हीत ॲप आतच आहे असा स्मार्ट टीव्ही. लोकवर्गणीतून आमच्या शाळेला मिळालेला आहे, बऱ्याच जिल्हा परिषद शाळांतही आता असतो. थोडं पुढं सरकून बसावं लागतं, पण काम होतं.

दुसरा हिशेब डेटाचा. गावाकडच्या शिक्षकाच्या फोनवर रोज दीड किंवा दोन जीबीचा पॅक असतो. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण एक जीबी लागतो, एचडीला तीनच्या आसपास. दोन तासांचा चित्रपट एचडीत हॉटस्पॉटवर लावला तर मध्यंतराच्या आधीच दिवसाचा डेटा संपेल. आणि नेमका तेव्हाच संपतो जेव्हा गोष्ट रंगलेली असते! म्हणून भाड्याने घेताना एसडी आणि एचडी असे दोन भाव दिसले तर बिनधास्त एसडी घ्या. चाळीस-त्रेचाळीस इंचाच्या टीव्हीवर वर्गाला फरक कळत नाही, आणि पैसेही वाचतात. ज्यांच्याकडे टॅब आहे त्यांनी आदल्या रात्री घरी उतरवून ठेवावा. मात्र ज्या उपकरणावर उतरवला त्यावरच तो चालेल.

"विकत घ्या" हे बटण शाळेसाठी मी वापरत नाही. नावाला विकत, पण तो चित्रपट राहतो त्या ॲपमध्ये, ज्या शिक्षकाचं खातं त्याच्या नावावर. त्या शिक्षकाची बदली झाली की चित्रपटाचीही बदली. डीव्हीडीचं तसं नव्हतं. आमच्या कपाटात 'श्यामची आई'ची जुनी डीव्हीडी आहे. १९५३ सालचा आचार्य अत्र्यांचा चित्रपट, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. ती लावायला प्लेअर उरला नाही ही वेगळी गोष्ट.

कायद्याचा प्रश्नही तुम्ही विचारणारच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थांना सूट आहे. शाळेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला, आणि बघणारे म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, विद्यार्थ्यांचे आईवडील-पालक आणि शाळेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असतील, तर त्याला हक्कभंग मानत नाहीत. गावाला आमंत्रण देऊन, तिकीट लावून मैदानात दाखवणं यात बसत नाही. पण ॲपवाल्यांशी आपण जो करार "मान्य आहे" म्हणून न वाचता स्वीकारतो, त्यात बहुतेक ठिकाणी हे खासगी, घरगुती वापरासाठीच असं लिहिलेलं असतं. कायद्यातली सूट आणि करारातली अट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या कानावर घालूनच हे करावं, आणि जमलं तर निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला एक पत्र पाठवून परवानगी मागावी, असं माझं मत.

वयाचं लेबलही बघा. २०२१ च्या नियमांनंतर ओटीटीवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे शिक्के येतात. आता थिएटरच्या चित्रपटांनाही यूएमध्ये तशाच पायऱ्या झाल्यात. पालकांनो, घरच्या टीव्हीवर खरेदीसाठी पिन लावून ठेवा. नाहीतर पोरगं एका बटणात भाडं भरून मोकळं होतं.

आता आमच्या वर्गाकडे येते.

सातवीला 'टिंग्या' दाखवायचा असं मी ठरवलं होतं. २००८ चा मंगेश हाडवळे यांचा चित्रपट. शेतकऱ्याच्या घरातला छोटा टिंग्या, त्याचा चितंग्या नावाचा जायबंदी बैल, कर्जात बुडालेला बाप तो विकायला निघालेला. टिंग्याचं काम करणाऱ्या शरद गोयेकरला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. जुन्नर भागातली गोष्ट असली तरी आमच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात ती परकी वाटत नाही. पोरांना सांगितलं, पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत, आम्ही शिक्षक मिळून भरणार.

तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, फुकट भेटायलाय तर पैसे कामून द्यायलेत? माझ्या भावाच्या ग्रुपवर हाय पिक्चर."

मी नेहमीचं उत्तर दिलं. तुमच्या घरचा वेचलेला कापूस कुणी उचलून नेला तर? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कापूस नेला तर कमी होतो. पिक्चर कॉपी केला तर कमी होत नाई."

शिक्षक मित्रांनो, हे उत्तर खोडून काढणं सोपं नाही. बघा प्रयत्न करून. मी विचार करतच होते, तेवढ्यात एका मुलीनं हात वर केला. तिचे वडील लग्नांची शूटिंग करतात. ती म्हणाली, "माझे पप्पा लग्नाची शूटिंग करतेत. लोकं आधी म्हणतेत, पेनड्राइव्ह द्या, बघून पैसे देतो. मंग चुलत्याकडं कॉपी, मामाकडं कॉपी. समद्यांकडं पिक्चर जातो अन् पप्पाचे पैसे ऱ्हातेत. पप्पानं यंदा कॅमेरा गहाण ठेवला." वर्ग गप्प झाला. भावाच्या ग्रुपची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. माझं कापसाचं उदाहरण मी तेव्हापासून बंद केलंय.

दुसरी अडचण याहून अवघड होती. बुधवारी एका मुलाची आई शाळेत आली. त्यांनी यंदा पेरणी उरकल्यावर बैलजोडी विकली होती. पोळ्याला दारात बैल नव्हते, मातीचे बैल पुजले. पोरगं त्या दिवशी जेवलं नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, बैलाचाच पिक्चर कामून? दुसरा कोणता तरी लावा की. नायतर त्याला त्या दिशी शाळंत पाठवत नाई."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. 'एलिझाबेथ एकादशी' लावता आला असता, परेश मोकाशींचा, २०१४ चा, पंढरपुरातल्या पोरांचा आणि सायकलीचा. भाडं अजून भरलेलं नव्हतं, हातातली निवड गेली नव्हती. वर्षभराचं सदस्यत्व घेतलं असतं तर मी कदाचित म्हटलं असतं, चला, आहेतच दोन्ही, बघू पुढं. इथं एकच घ्यायचा होता, म्हणून बोलावं लागलं. मी तिला म्हटलं, ताई, उद्या उत्तर देते. त्या मुलाला मुद्दाम बाजूला बोलावून विचारणं मला बरं वाटलं नाही. वर्गात सगळ्यांसमोर तर नाहीच नाही.

गुरुवारी सकाळी त्याचे आजोबाच आले. धोतर, टोपी, हातात काठी. म्हणाले, "दाखवा तुम्ही. पोराला किती दिस झाकून ठेवता? पर मी बी येतो बघायला." आत मी कायद्याचं सांगितलं ते आठवतंय ना? पालकांना बसता येतं. म्हटलं, या आबा.

शनिवारी आबा खिडकीजवळ खुर्चीवर बसले. पोरगा पुढून दुसऱ्या ओळीत. चित्रपट चालू असताना मी टीव्हीकडे कमी आणि त्या दोघांकडे जास्त बघत होते. शेवट जवळ आला तसे आबा उठले आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. पोरगा पूर्ण बसून राहिला. संपल्यावर मी टीव्ही बंद केला, लगेच काही विचारलं नाही. पाच-सहा पोरं रडत होती, त्यात तो नव्हता. मग त्यानंच विचारलं, "मॅडम, ह्यो बैल खरंच लंगडा व्हता का पिक्चरपुरता?" त्यावरून जी चर्चा निघाली ती घंटा झाल्यावरही थांबेना. कर्ज कुणाचं, व्याज किती, जनावराचा डॉक्टर गावात वेळेवर का येत नाही, ट्रॅक्टर भाड्यानं घेतला तर तासाला किती पडतो आणि बैलाला वर्षाचा चारा किती लागतो. ट्रॅक्टरचा आणि चाऱ्याचा हिशेब त्यांनीच फळ्यावर मांडला. गणिताच्या तासाला असं फळ्यापाशी येण्यासाठी कुणी धडपडत नाही, हे मी गणित शिकवते म्हणून सांगते.

रविवारी दुपारी आबा माझ्या दारात. "त्यो शेवट राहिला बघायचा."

मुदत संपायला काही तास होते. मी फोनवर शेवटची वीस-पंचवीस मिनिटं लावून दिली. ओट्यावर बसून, फोन हातभर लांब धरून त्यांनी पूर्ण बघितली. मधे चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला. फोन परत देताना म्हणाले, "किती दिस ऱ्हातो ह्यो तुमच्याकडं?" मी म्हटलं, आज संध्याकाळपर्यंत, मग आपोआप जातो. ते हसले. "आपोआप? आम्ही कॅसेट वापस द्यायला सकाळी सायकलवर जिंतूरला जात व्हतो. उशीर झाला की दुसऱ्या दिवसाचं भाडं." कॅसेटी आणायला जाणाऱ्या त्या चार-पाच जणांत आबा होते हे मला तेव्हा समजलं. मी विचारलंच, पोरींना तिसऱ्या कॅसेटीला घरात का हाकलत होता? तर म्हणाले, "तिसरी आमालाबी कुठं कळायची, निम्मे झोपलेले असायचे."

सोमवारी पहिल्या तासाला त्या मुलानं टीव्हीकडं बोट करून विचारलं, "मॅडम, गेला का?" लावून दाखवला. त्या जागी पुन्हा भाड्याने घ्या असं बटण आलं होतं. आकडा आधीपेक्षा वीस रुपयांनी जास्त होता, हेही पोरांनीच शोधलं.

शाळेत आता एक वही केली आहे. चित्रपटाचं नाव, कुठून घेतला, एसडी की एचडी, भाडं किती, मुदत कधी संपली, टीव्हीवर चालला की प्रोजेक्टरवर, डेटा किती गेला, आणि कोणत्या वर्गाने बघितला. शेवटचा रकाना "कुणाला बघायचा नव्हता आणि का" हा आहे. दिवाळीनंतर सहावीचा नंबर आहे. सायकलचा पिक्चर पाहिजे म्हणून मुलींनी अर्ज दिलाय, वर्गातल्या सतरा मुलींच्या सह्या आहेत, आणि मुलांनी त्यावर हरकत घेतली आहे.